रूपांतराची जबाबदारी

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यात, नागपूरकडून नांदेड-लातूरमार्गे तुळजापूरला जाणारा महामार्ग आणि अकोल्याहून हिंगोलीवरून नांदेडकडे उतरणारा महामार्ग जेथे एकमेकांस मिळतात, त्या वारंगा फाट्यावर राहून संगणकीय माहितीच्या रूपांतरावर ग्रंथ लिहावा, हे प्रथमदर्शनी कोणास विसंगत वाटेल. कारण हा विषय हिंजवडीतल्या किंवा बंगळूरमधल्या मोठमोठ्या कचेऱ्यांचा, अशी आपली रूढ समजूत आहे. परंतु याच रस्त्याने जाणारा हळदीचा ट्रक विचारात घ्यावा. त्या मालाचे बीजक व्यापाऱ्याच्या दुकानी बहुधा टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये तयार होते; टॅलीतून माहिती बाहेर काढण्याचा जुना आणि रुळलेला मार्ग एक्सएमएल हा आहे; आणि ई-वे बिलाच्या सरकारी पोर्टलवर अनेक बिले एकगठ्ठा चढवावयाची असतील, तर ती जेसन फाइलच्या रूपानेच द्यावी लागतात. याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे, आणि ज्या जागतिक जाळ्याची ती घटक होणार त्या जाळ्यातून जगभरच्या दुर्बिणींना जाणाऱ्या सूचना पूर्वी एक्सएमएलमध्ये जात, त्या आता जेसनमध्येही जातात. हळदीचे बीजक आणि आकाशातील महास्फोटाची वर्दी या दोहोंना एकाच प्रकारच्या रूपांतरातून जावे लागते, ही वस्तुस्थिती या ग्रंथाचे प्रयोजन सांगण्यास पुरेशी आहे.

चिन्हांकनाच्या, म्हणजे एक्सएमएलच्या, रूपात असलेली माहिती वस्तु-संकेतनाच्या, म्हणजे जेसनच्या, रूपात नेणे, आणि प्रसंगी ती परत मूळ रूपात आणणे, एवढाच या विषयाचा बाह्य विस्तार आहे. आणि बाजारात त्यासाठी तयार साधने इतकी आहेत की हे काम यंत्राने परस्पर करावे, त्यात माणसाने लक्ष घालण्याजोगे काय आहे, असा प्रश्न नवख्यास पडतो. या ग्रंथाचे सारे प्रतिपादन त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल आहे. या दोन रूपांमध्ये आपोआप सिद्ध होणारे असे एकमेव रूपांतर अस्तित्वात नाही. प्रत्येक रूपांतरात कोणीतरी, जाणून वा न जाणता, काही निर्णय घेतलेले असतात. आणि ते निर्णय लेखी नोंदवून त्यांची रुजुवात घेणे हे रूपांतर करणाऱ्याचे आद्य कर्तव्य होय.

मराठवाड्याला हा प्रश्न अपरिचित नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, संस्थानाची राजभाषा उर्दू होती, आणि महसुलाचे दफ्तर त्या भाषेत व फसली सनात लिहिले जात असे. जुन्या कागदावर ‘१३५७ फसली’ एवढाच उल्लेख असेल, तर त्याचा इसवी सन कोणता? फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, असा सोपा हिशेब सांगतात. परंतु दोन्ही वर्षांचा आरंभ भिन्न महिन्यांत असल्यामुळे वर्षाच्या उरलेल्या भागात ५९१ मिळवावे लागतात, आणि महिना दिलेला नसेल तर खरे उत्तर ‘१९४७ किंवा १९४८’ असेच राहते. तेथे एकच आकडा लिहून मोकळा होणारा नकलनवीस कागदात नसलेली गोष्ट कागदात घालीत असतो. एक्सएमएल आणि जेसन यांच्यामधले बहुतेक अनर्थ याच जातीचे आहेत : एका रूपास जे सांगण्याची गरज नव्हती ते दुसरे रूप विचारते, आणि उत्तर ठाऊक नसताना यंत्र ते देऊन टाकते.

दोन्ही रूपांची कुळे भिन्न आहेत, हे आरंभीच ध्यानी घेतले पाहिजे. चिन्हांकनाचा जन्म दस्तऐवजांच्या चिंतेतून झाला. १९६९ मध्ये आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी हे तिघे कायदेविषयक कागदपत्रे संगणकावर कशी ठेवावीत, शोधावीत आणि छापावीत या विवंचनेत असताना त्यांनी असा विचार मांडला की मजकुरात ‘हे ठळक छापा’ अशा आज्ञा न लिहिता ‘हे शीर्षक आहे’, ‘हे कलम आहे’ असे त्याचे स्वरूप सांगणाऱ्या खुणा घालाव्यात. छापण्याची तऱ्हा मग निराळी ठरविता येईल. त्या विचारातून जीएमएल आणि पुढे १९८६ मध्ये आयएसओचे ८८७९ क्रमांकाचे मानक ठरलेली एसजीएमएल ही भाषा सिद्ध झाली. टिम बर्नर्स-ली यांनी वेबसाठी निर्मिलेली एचटीएमएल ही तिचीच संतती. एसजीएमएल समर्थ होती, पण इतकी विस्तीर्ण की तिची संपूर्ण अंमलबजावणी करणारी साधने विरळा. म्हणून जॉन बोसाक यांच्या नेतृत्वाखालील मंडळाने तिचे संक्षिप्त आणि काटेकोर रूप तयार केले, आणि १० फेब्रुवारी १९९८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने एक्सएमएल १.० ही शिफारस प्रसिद्ध केली. पाठोपाठ १९९९ मध्ये नेमस्पेस आणि रूपांतरासाठीची एक्सएसएलटी ही भाषा, व २००१ मध्ये फाइलची रचना आणि मूल्यांच्या जाती आधीच ठरवून देणारा एक्सएमएल स्कीमा, असा तिचा परिवार वाढत गेला. या परंपरेच्या गाभ्याशी दस्तऐवज आहे : त्यातील क्रम, त्यातील सलग मजकूर, आणि मजकुरावर बाहेरून केलेले शेरे.

जेसनचे कूळ प्रोग्रामच्या स्मृतीतले आहे. जावास्क्रिप्ट या भाषेत एखादी वस्तू जशी लिहितात, म्हणजे महिरपी कंसात नाव आणि त्यापुढे मूल्य, चौकटी कंसात यादी, तशीच ती जाळ्यावरून पाठविली तर पलीकडच्या प्रोग्रामला उलगडण्याचे कष्टच उरत नाहीत, हे डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास ओळखले आणि दुसऱ्याच वर्षी त्याचे छोटेसे व्याकरण जाहीर केले. २००६ मध्ये ते इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत आले, २०१३ मध्ये एकमा संस्थेने त्यास ४०४ क्रमांकाचे मानक म्हणून मान्यता दिली, आणि डिसेंबर २०१७ मध्ये आजचे प्रमाणभूत इंटरनेट मानक निघाले. वस्तू, यादी, स्ट्रिंग, संख्या, खरे-खोटे आणि नल, एवढीच त्याची सामग्री आहे. त्यात टॅगमधला गुणधर्म नाही, नेमस्पेस नाही, शेरा लिहिण्याची सोयही नाही; आणि हे वगळणे सहेतुक होते. चिन्हांकनाच्या विस्ताराने त्रस्त झालेल्या पिढीने हा संक्षेप आनंदाने स्वीकारला. एके काळी दोन संगणकांमधला व्यवहार सोप नावाच्या एक्सएमएलवर आधारलेल्या पद्धतीने चाले; पुढे ट्विटरसारख्या सेवेने २०१३ मध्ये आपल्या विकासकांसाठी एक्सएमएल बंद करून केवळ जेसन ठेवले, यावरून वाऱ्याची दिशा कळून येते.

आता या दोन कुळांची सोयरीक जुळविताना नेमके कोठे अडते, ते हळदीच्या बीजकावरच पाहू. पहिली अडचण संख्येची आहे, पण ती मोजणीतली संख्या आहे. एक्सएमएलमध्ये एखाद्या टॅगच्या आत ‘माल’ हा टॅग एकदा आला काय आणि दहादा आला काय, लिहिण्याची रीत एकच. जेसनमध्ये मात्र एकटी वस्तू आणि एका वस्तूची यादी या भिन्न गोष्टी आहेत. सामान्य रूपांतरक जे डोळ्यांपुढे आहे त्यावरून अनुमान करतो : दोन माल दिसले तर यादी करतो, एक दिसला तर सुटी वस्तू करतो. परिणामी हळद आणि हरभरा असे दोन जिन्नस असलेले बीजक बिनतक्रार स्वीकारले जाते, आणि नुसत्या हळदीचे बीजक, ज्यात वस्तुतः काहीच अवघड नाही, ते नामंजूर होते. टॅलीने आपल्या एक्सएमएलमध्ये यावर स्वतःपुरता तोडगा योजला आहे. पुनरावृत्त होऊ शकणाऱ्या टॅगच्या नावाच्या शेवटी बिंदू देऊन ‘लिस्ट’ हा शब्द जोडलेला असतो. वाचणाऱ्या माणसास ती खूण तात्काळ समजते. ज्यास ती सांगितलेली नाही अशा रूपांतरकास ती नावाचाच एक भाग वाटते.

दुसरी अडचण मूल्याच्या जातीची. एक्सएमएलमध्ये, स्कीमा जोडलेला नसेल तर, सर्व काही मजकूर असतो. जेसनमध्ये मजकूर आणि संख्या यांचा भेद लिपीतच दिसतो. जे अंकांनी लिहिले आहे ते संख्या, असे गृहीत धरणारा रूपांतरक येथे घातक ठरतो. कॉफी, चहा आणि मसाल्याच्या पदार्थांच्या नवव्या प्रकरणात हळदीचा एचएसएन संकेतांक ०९१०३० असा आहे. त्याची संख्या केली की आरंभीचे शून्य गळते आणि ९१०३० उरतात. आता पहिले चार अंक वाचून वर्गवारी करणाऱ्या पुढच्या प्रोग्रामला ९१०३ हे शीर्ष मिळते, आणि ते ९१ व्या प्रकरणातील घड्याळांचे आहे. संकेतांक हा मोजण्याचा आकडा नसून अंकांनी लिहिलेले नाव आहे, हे ज्ञान फाइलमध्ये कोठेही नव्हते. ते माणसाजवळ होते आणि त्याने ते यंत्रास द्यावयास हवे होते. मोठ्या आकड्यांची गत निराळी, पण तितकीच गंभीर आहे. बहुतेक जावास्क्रिप्ट साधने जेसनमधील संख्या ज्या पद्धतीने स्मृतीत धरतात, तिच्यात ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पलीकडचा प्रत्येक पूर्णांक अचूक राहील अशी हमी नाही. ई-वे बिलाचा बारा अंकी क्रमांक त्यातून सुखरूप जातो. सतरा-अठरा अंकी खातेक्रमांक संख्या म्हणून पाठविला तर शेवटचा अंक मुकाट्याने बदलू शकतो, आणि त्याची कोणतीही सूचना मिळत नाही.

तिसरी अडचण व्यवहारज्ञानाची आहे, आणि तीच सर्वांत उपेक्षित राहते. टॅलीच्या फाइलमध्ये तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा सलग आठ अंकांत असते. ई-वे बिलाच्या जेसनला ती दिवस, महिना, वर्ष या क्रमाने आणि मध्ये तिरप्या रेघा देऊन हवी असते. टॅली वजन आणि त्याचे एकक एकाच मजकुरात ‘५० किलो’ अशा धाटणीने लिहिते; ई-वे बिलास संख्या वेगळ्या रकान्यात आणि एकक ठरावीक संकेताने निराळ्या रकान्यात लागते. नावे बाजूची रक्कम टॅलीच्या एक्सएमएलमध्ये ऋण चिन्हासह येते, त्यामुळे विक्रीच्या बीजकात गिऱ्हाइकाच्या नावे पडलेली एकूण रक्कम उणे दिसते; ती तशीच पुढे पाठविणे म्हणजे विक्रीचा अर्थच उलटा करणे. यांतील एकही बाब कंस आणि टॅग यांच्या अभ्यासाने उलगडणार नाही; तिला जमाखर्चाची जाण लागते. म्हणूनच या कामात नांदेड-हिंगोलीच्या एखाद्या अनुभवी मुनिमाचा सल्ला नव्या प्रोग्रामरच्या चातुर्याइतकाच मोलाचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे दृढ मत आहे.

क्रम आणि संमिश्र मजकूर ही चौथी अडचण व्यापाऱ्यास क्वचित जाणवते, परंतु ग्रंथसंपादकास ती पदोपदी भेटते. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानले जाणारे नरसी याच जिल्ह्यात आहे. त्यांच्या गाथेची पाठभेदांसह संगणकीय आवृत्ती कोणी सिद्ध करू म्हणेल, तर एका ओळीच्या मध्यावर पाठभेदाची खूण, पुढे पुन्हा मूळ शब्द, मग एखाद्या नावावर टीप, अशी रचना होईल. मजकूर आणि टॅग यांची ही वीण चिन्हांकनाचे खास सामर्थ्य आहे, आणि मानव्यविद्यांतील संपादकांनी १९८७ पासून टीईआय या नावाने त्याची शिस्तबद्ध पद्धती घडविली आहे. जेसनच्या वस्तूमध्ये नावांना क्रमाचे बंधन नसल्यामुळे ही वीण तेथे सहजासहजी उतरत नाही. ती उतरवायची तर सारे काही यादीत मांडावे लागते, आणि मग जेसनचा सुटसुटीतपणा हाच त्याचा गुण नाहीसा होतो. काही दस्तऐवजांचे रूपांतर न करणे हाच योग्य निर्णय असतो, आणि तसा निर्णय घेण्याचे धैर्यही या विद्येत अंतर्भूत आहे.

आपल्या लिपीचा प्रश्न इंग्रजी पाठ्यपुस्तकांत येत नाही, म्हणून त्याचा येथे स्वतंत्र उल्लेख करणे अवश्य आहे. ‘हळद’ या शब्दातला ‘ह’ दोन्ही रूपांत सरळ देवनागरीत लिहिता येतो. परंतु अनेक साधने तो सांकेतिक अंकांत लिहितात, आणि तसे करताना एक्सएमएलमध्ये बहुधा दशमान पद्धतीचा २३६१ हा आकडा येतो, तर जेसनमध्ये त्याच अक्षराचा षोडशमान पद्धतीचा ०९३९ हा आकडा येतो. रूपांतरकाने संकेत न उलगडता तसाच पुढे ढकलला, तर वाचकापुढे अक्षराऐवजी अंकांची रांग उभी राहते. याहून सूक्ष्म प्रश्न ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतील ‘ऱ’ चा. युनिकोडमध्ये हे अक्षर एका संकेतांकानेही लिहिता येते आणि ‘र’ व त्याखालचा नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, युनिकोडच्या नियमानुसार ती समानही आहेत, परंतु केवळ संकेतांकांची तुलना करणाऱ्या यंत्रास ती भिन्न भासतात. एकाच शेतकऱ्याचे नाव दोन फाइलींत दोन तऱ्हांनी नोंदले गेले आणि त्यामुळे ताळमेळ बसला नाही, तर दोष त्या शेतकऱ्याच्या कागदपत्रांत नसून रूपांतरापूर्वी मजकूर एका प्रमाण रूपात न आणण्यात आहे.

या अडचणींना तोंड देताना गेल्या दोन दशकांत जे संप्रदाय उदयास आले, त्यांची स्थूलमानाने चार वर्गांत विभागणी करता येईल. पहिला संप्रदाय ठरीव संकेतांचा. बॅजरफिश या नावाने ओळखली जाणारी पद्धती गुणधर्मांच्या नावांपुढे विशिष्ट चिन्ह लावून आणि मजकुरासाठी निराळे चिन्ह राखून काहीही न गमावण्याचा प्रयत्न करते, पण तिचे फलित वाचण्यास बोजड असते; पार्कर पद्धती गुणधर्मांना रजा देऊन सुटसुटीत जेसन देते, पण जे टाकले ते परत मिळत नाही; जेसनएमएल सर्व काही यादीत मांडून क्रम जपते. २००६ मध्ये स्टीफन गोसनर यांनी या विषयावर लिहिलेल्या लेखात एक्सएमएलच्या निरनिराळ्या घाटांची जेसनमधील रूपे कोष्टकात मांडली होती, आणि पुष्कळ साधनांनी पुढे अशाच संकेतांचा अवलंब केला. या संप्रदायाचा गुण असा की तो कोणत्याही फाइलवर लगेच चालतो. दोष असा की त्यास फाइलचा अर्थ ठाऊक नसतो.

दुसरा संप्रदाय स्कीमाचा. कोणता घटक यादी आहे, कोणता संख्या आहे, कोणता रिकामा असू शकतो, हे आधीच लिहून ठेवलेल्या स्कीमावरून रूपांतर करावे, अनुमानाने करू नये, असा त्याचा आग्रह आहे. एक्सएमएलला या कामी २००१ पासून अधिकृत स्कीमा उपलब्ध आहे. जेसनचा स्कीमा मागाहून आणि टप्प्याटप्प्याने घडत गेला. एकाच मालाची यादी आणि हळदीचे हरवलेले शून्य हे दोन्ही रोग या उपायाने मुळातूनच बरे होतात; अडचण एवढीच की स्कीमा कोणीतरी लिहावा लागतो आणि अद्ययावत ठेवावा लागतो. तिसरा संप्रदाय रूपांतरासाठीच निर्मिलेल्या भाषांचा. एक्सएसएलटीमध्ये प्रत्येक घटकाचे काय करावयाचे याचे नियम स्पष्ट शब्दांत लिहिता येतात, आणि जून २०१७ च्या तिसऱ्या आवृत्तीत जेसनमधून एक्सएमएलमध्ये व परत जाण्याची सोय भाषेतच आली. जेसनच्या बाजूस २०१२ पासून जेक्यू या लहानशा साधनाने तेच कार्य लोकप्रिय केले. चौथा संप्रदाय मध्यस्थ रूपाचा. दहा प्रकारच्या फाइली परस्परांत बदलावयाच्या असतील तर प्रत्येक जोडीस व प्रत्येक दिशेस एक असे नव्वद रूपांतरक लागतात. पण मध्ये एक समान रूप ठरविले तर प्रत्येक प्रकारासाठी जाणारा एक आणि येणारा एक, असे वीस पुरतात. या काटकसरीची किंमत अशी की मध्यस्थ रूपात ज्यास जागा नाही ते सर्वांकडूनच हरवते. व्यवहारात या चारांचे मिश्रण करावे लागते, आणि कोठे कोणते वापरावे याचा विवेक हाच ग्रंथाभ्यासाचा लाभ आहे.

निर्णयांचे महत्त्व जागतिक पातळीवर कसे दिसते, हे पाहण्यासाठी पुन्हा औंढ्याच्या परिसराकडे वळावे लागते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर टिपली. त्यानंतर अवघ्या १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहास गॅमा किरणांचा उद्रेक दिसला. आणि जगभर पाठविलेल्या सूचनांच्या आधारे सुमारे अकरा तासांत चिलीमधील दुर्बिणीने एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत त्या घटनेचा प्रकाश शोधून काढला. पुढे आपल्या जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही त्या अवशेषाचे वेध घेतले. अशा सूचना यंत्राने यंत्राला द्यावयाच्या असतात, आणि त्यासाठी खगोलशास्त्रज्ञांनी व्होइव्हेंट नावाचे एक्सएमएल मानक घडविले होते. त्यात प्रत्येक राशीचे नाव, मूल्य, जात आणि एकक हे सारे एकाच टॅगच्या गुणधर्मांत शेजारी शेजारी असते, आणि बहुधा सोबत एक वाक्यभर वर्णनही असते. मे २०२३ मध्ये निरीक्षणांचे चौथे पर्व सुरू झाले तेव्हा त्याच सूचना नासाच्या जाळ्यावरून जेसनमध्येही जाऊ लागल्या.

या नव्या रूपात सूचना सुटसुटीत झाली, घटना, वर्गीकरण आणि संभाव्यता यांची मांडणी सुसंगत झाली, आणि आकाशाचा जो नकाशा पूर्वी निराळ्या पत्त्यावरून उतरवून घ्यावा लागे तो सूचनेतच आला. मात्र जेसनला कच्ची द्विमान सामग्री वाहता येत नसल्यामुळे तो नकाशा अक्षरांत सांकेतिक करून घालावा लागतो, आणि त्या संकेतनात तीन बाइटांची चार अक्षरे होतात. म्हणजे आकार एक तृतीयांशाने वाढतो. एकक आता मूल्याच्या शेजारी नाही, ते सोबतच्या माहितीपत्रकात आहे. फसवी सूचना कोणत्या दराने येण्याचा संभव आहे हे सांगणारी राशी हर्ट्झमध्ये आहे, हे पूर्वी सूचनाच सांगत असे. आता ते वाचकास ठाऊक असावे अशी अपेक्षा आहे. हे निर्णय चुकीचे नाहीत. ते विचारपूर्वक घेतले गेले, जाहीर केले गेले आणि लेखी ठेवले गेले, आणि म्हणूनच जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातील दुर्बीण त्यांवर विसंबू शकते. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ज्या वेधशाळेस पूर्ण मंजुरी दिली, तिच्या चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधून निघणारी माहिती याच शिस्तीत सामील होईल.

आजच हा विषय निकडीचा का झाला, हे आता वेगळे सांगण्याचे फारसे कारण नाही. प्राप्तिकराची विवरणपत्रे दीर्घकाळ एक्सएमएल फाइलने भरली जात. २०२१-२२ या करनिर्धारण वर्षापासून तेथे जेसन आले. वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, ई-वे बिल आणि ई-बीजक ही सारी जेसनवर उभी आहेत. उलटपक्षी यूपीआयचे संदेश बँकांमध्ये आजही एक्सएमएलमध्ये फिरतात, आणि आधारची ऑफलाइन ओळखफाइलही एक्सएमएलच आहे. तिच्यावर संगणकीय स्वाक्षरी असल्यामुळे तिचे रूपांतर केले की स्वाक्षरीची पडताळणी अशक्य होते, म्हणून मूळ फाइल जपणे भाग पडते. सारांश, जुने गेले आणि नवे आले असा हा इतिहास नाही. दोन्ही रूपे दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदणार आहेत, आणि त्यांच्या सीमेवर बसलेल्या माणसांची संख्या तालुक्याच्या गावापर्यंत वाढत जाणार आहे. त्यांच्या चुकीचा भुर्दंड मात्र त्यांना बसत नाही. तो रस्त्यात अडकून पडलेल्या मालाच्या धन्यास आणि ज्याचे नाव जुळले नाही त्या शेतकऱ्यास बसतो.

प्रस्तुत ग्रंथ या सीमेवर बसलेल्या माणसासाठी आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात संगणकशास्त्र शिकणारा विद्यार्थी, सनदी लेखापालाच्या कचेरीत फाइली चढविणारा सहायक, सहकारी संस्थेचे संगणकीय दफ्तर सांभाळणारा लिपिक, यांना हा विषय आपल्या भाषेत आणि आपल्या परिचयाच्या उदाहरणांतून समजावा, अशी लेखकाची आकांक्षा आहे. म्हणून ग्रंथातील नमुने शक्य तेथे मराठी नावांच्या टॅगांनी दिले आहेत. एक्सएमएलचे व्याकरण देवनागरी नावांना मुभा देते आणि जेसनमध्ये तर नाव ही केवळ एक स्ट्रिंग असते, तेव्हा ही मुभा वापरण्यास हरकत नाही. एखाद्या विशिष्ट प्रोग्रामिंग भाषेचे हे मार्गदर्शक पुस्तक नाही, आणि वेगाची स्पर्धा किंवा द्विमान स्वरूपांची चर्चा त्यात बेतानेच आली आहे. त्याऐवजी प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टींचा आग्रह धरला आहे. रूपांतर सुरू करण्यापूर्वी निर्णयपत्रक लिहावे : कोणता घटक यादी, कोणता मजकूर, रिकामा टॅग म्हणजे नल की रिकामी स्ट्रिंग, काय मुद्दाम टाकले आणि का. रूपांतर झाल्यावर ते उलट दिशेने करून मूळाशी रुजुवात घ्यावी, आणि जेथे फरक पडेल तो निर्णयपत्रकात आधीच नमूद आहे की नाही ते पाहावे. आणि जी मूळ फाइल आली ती, रूपांतर कितीही यशस्वी झाले तरी, दफ्तरातून काढून टाकू नये.

हे तीन नियम कोणत्याही साधनाच्या आधारावाचून, कागद-पेन्सिलीनेही पाळता येतात, आणि त्यांतच त्यांचे बळ आहे. साधने बदलतील, आज सर्वमान्य वाटणारे जेसन उद्या दुसऱ्या कशास तरी जागा देईल, जशी एसजीएमएलने एक्सएमएलला दिली, तेव्हाही एका रूपात अभिप्रेत असलेला अर्थ दुसऱ्या रूपात शाबूत पोचला की नाही, हा प्रश्न उरेलच आणि त्याचे उत्तर कोणा माणसालाच द्यावे लागेल. ते उत्तर देणारा माणूस मोठ्या शहरात बसलेला असो की मराठवाड्यातील एखाद्या नाक्यावर, त्याने आपला निर्णय उघडपणे लिहून ठेवावा, त्याखाली तारीख घालावी, आणि पुढे येणाऱ्यास तो तपासता यावा अशी तजवीज करावी. वाचकांस ही सवय या ग्रंथाच्या अभ्यासाने लागली, तर त्यातील तांत्रिक तपशील पुढेमागे कालबाह्य झाले तरी लेखकास त्याची खंत वाटणार नाही.

— लेखक